तव्यात मावतील एवढे मासे

आमच्या घरी माशांचा तवा वेगळा होता. सासूबाईंना माशाचा वास चालत नसे, म्हणून त्या होत्या तोवर मासा कधी घरी आला नाही. त्या गेल्यावर आला, तोही अंगणातल्या चुलीपर्यंतच. तवा जुना, लोखंडी, एका बाजूचा कान तुटलेला. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं त्यात आमच्या गावातल्या जाणत्या पुरुषांनी माशांची पुष्कळ मापं सांगितली. पण ते मासे धुवायला, खवले काढायला आणि त्या तव्यावर टाकायला मी होते. कोणता मासा केवढा होता ते मला चांगलं ठाऊक होतं.

सासरे एसटीत ड्रायव्हर होते. मी त्यांना मामा म्हणत असे. उभा जन्म जाफराबाद ते जालना या रस्त्यावर काढला. रिटायर झाले आणि वर्षाच्या आत सासूबाई गेल्या. त्यानंतर हा माणूस बोलायचाच थांबला. ओसरीवरच्या बाजेवर भिंतीकडं तोंड करून बसायचे. भाकरीचा चतकोर तुकडा मोडायचा, तो वरणात फिरवायचा आणि ताट सरकवायचं. माझे मालक तेव्हा तीर्थपुरीला शाळेवर होते. शनिवारी यायचे, बापाकडं बघायचे, मुकाट्यानं जेवायचे आणि सोमवारी पहाटेची गाडी धरायचे. मुलं शाळेत गेली की घरात मी आणि ती पाठ. मला भीती वाटायची आणि चीडही यायची. खोटं कशाला सांगू? चीडच जास्त यायची, कारण मी शिजवलेलं अन्न रोज परत येत होतं.

शेजारी एक शिंपीकाका होते. दुकान चालत होतं, पण जीव सगळा गळात. दर रविवारी बांबूची काठी खांद्यावर टाकून ते गावाबाहेरच्या तळ्यावर जायचे. एका रविवारी त्यांनी मामांना बखोटीला धरून नेलं. मामा जन्मात कधी पाण्याकाठी बसले नव्हते. संध्याकाळी परत आले ते रुमालात तीन मासे घेऊन. माझ्या मधल्या बोटाएवढे एकेक. आणि मामा बोलत होते. दारातूनच बोलत आले. भेंड कसं बुडालं, काठी कशी वाकली, गांडूळ कसं लावायचं, एकातून एक. भेंड म्हणजे ज्वारीच्या धाटाच्या आतला हलका गर. दोरीला बांधलेला त्याचा तुकडा पाण्यावर तरंगतो आणि मासा लागला की आत जातो. हे मी त्या दिवशी शिकले. रात्री मामांनी दोन भाकरी खाल्ल्या. मी चुलीपाशी पदर तोंडाला लावून रडले.

तेव्हापासून रविवार ठरला, मग गुरुवारही. तिसरे एक निवृत्त गुरुजी यायचे. तिघांची जागा ठरलेली होती. तळ्याचं पाणी बाहेर सोडायची मोरी आहे तिथं, दगडी बांधावर. तिथला डोह खोल, उन्हाळ्यातसुद्धा पाणी धरून ठेवणारा. पण पाण्याखाली बुडालेल्या बाभळी होत्या, त्यामुळं तिथं जाळं टाकता येत नसे. जाळ्याची माणसं पलीकडच्या उथळ बाजूला आणि हे तिघं इकडं. कुणाचं कुणाला काही देणंघेणं नव्हतं.

मी मामांना चिडवायची. "मामा, तुमच्या माशापेक्षा माझं तेल महाग पडून राह्यलं." ते म्हणायचे, "तेल मी आणून देतो, पोरी. तू मसाला तेवढा झणझणीत कर." आणि खरंच आणून द्यायचे. हिशोब मांडला असता तर तो सगळा तोट्याचाच धंदा होता. तेल, तिखट, सरपण, भाड्याची सायकल. हाती काय, तर चार-पाच बारके मासे, अर्धे काटेच. पण घरातला माणूस रविवारी-गुरुवारी जेवत होता आणि मधल्या दिवशी पुढच्या खेपेची वाट बघत होता. त्याची किंमत मला कुणी विचारली असती तर मी अंगावरचं डोरलं काढून ठेवलं असतं.

आता त्या तिघांच्या खोडीबद्दल सांगते, कारण सगळं तिथंच अडलं. तळ्यावरून येताना ते स्टँडजवळच्या हॉटेलात चहाला बसत. तिथं मासा सांगायची एक रीत होती. डावा हात पुढं लांब करायचा आणि उजव्या हाताची कड त्यावर टेकवून दाखवायची. इथवर. मनगटापर्यंत दाखवला तर कुणी मान वर करत नसे. कोपरापर्यंत गेला की बाकडी जवळ सरकत. हा एवढा निसटला, हा एवढा लागला होता, हा एवढा काठावरून परत गेला. आणि एक नियम होता त्यांच्यात. दुसऱ्याच्या मापाला खोटं म्हणायचं नाही. जो खोटं म्हणेल त्यानं सगळ्यांचा चहा द्यायचा. वर्षानुवर्षं तिघांपैकी कुणीही कुणाच्या चहाचे पैसे असे दिले नाहीत. मासे मात्र वाढत गेले. माझ्या तव्यावर बोटभर आणि हॉटेलात हातभर. मला हसू यायचं. पुरुषांना गप्पांत थोडं मोठं होऊ द्यावं, त्यानं कुणाचं काय जातं, असं मला वाटे.

मग तळं भोई लोकांच्या सोसायटीला सालाच्या ठेक्यानं मिळालं. मासे सोडायचे, वाढवायचे, धरायचे, सगळं त्यांच्याकडं. ती माणसं पिढ्यान्पिढ्या पाण्यावर जगलेली आणि तळं आपलं म्हणायला त्यांना पहिल्यांदाच कागद मिळाला होता. सोसायटीचा सेक्रेटरी पंचविशीतला, दहावी शिकलेला, खाली मान घालून बोलणारा. त्यानं बांधावर पाटी लावली. पावसाळ्यात मासा अंडी घालतो, तेव्हा कुणीच धरायचा नाही. वितीपेक्षा लहान मासा परत पाण्यात सोडायचा. गळवाल्यांनी पास काढायचा. पावसाळ्याचं कुणाला जड गेलं नाही, श्रावणात तसंही कोण खातं? वितीच्या नियमावर मात्र मी मनात म्हटलं, आता झालं, या तिघांना रिकाम्या हातानंच यावं लागणार.

आणि गंमत अशी की तेही चाललं. मामा रिकाम्या हातानं यायचे, पण बोलत यायचे. सोडलेला मासा तर हॉटेलात आणखीच मोठा होई, कारण तो आता कुणाच्याच तव्यावर येणार नव्हता. मी त्या दिवशी पिठलं करायची आणि ते दोन भाकरी खायचेच. तेव्हा मला कळलं की मासा हा नुसता बहाणा होता.

पासाची रक्कम ठरवायची म्हणून सेक्रेटरीनं बैठक लावली. मामा तिघांत थोरले, म्हणून बैठक आमच्या अंगणात. आदल्या दिवशीच त्यानं मला दारात सांगितलं होतं, "वैनी, शौकीन लोकांचं आमाला काही म्हननं न्हाई. मासे बोटभर असतील तर मी पासाचे पैसेसुद्धा घेनार न्हाई, खुशाल बसा म्हनीन. पन मेंबर लोक हॉटेलातलं ऐकून बिथरलेत. त्यांना वाटते, मोठा मासा सगळा गळावर जाऊन राह्यला." मी हे मामांना जेवताना सांगितलं. म्हटलं, "उद्या खरं सांगा बरं का मामा. बोटाएवढे म्हणा, मोकळे व्हा." ते म्हणाले, "सांगतो की. त्यात लपवायचं काय हाय?"

सकाळी सेक्रेटरी दोन मेंबरांना घेऊन आला. सतरंजी अंथरली. एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला हे तिघं. मी चुलीवर चहा टाकला. थोडं पाऊसपाण्याचं बोलणं झालं आणि सेक्रेटरीनं सरळ विचारलं, "मोठ्यात मोठा मासा केवढा लागला तुमाला? खरं सांगा, त्याच्यावर पासाचं ठरवू."

पहिल्यांदा शिंपीकाकांना विचारलं. ते एकटे असते तर बोटच दाखवलं असतं, मला खात्री आहे. पण शेजारी गुरुजी बसले होते. याच गुरुजींपुढं त्यांनी इतकी वर्षं कोपर दाखवलं होतं. शिंपीकाकांनी एकदा गुरुजींकडं पाहिलं, डावा हात लांब केला आणि उजवा कोपरावर ठेवला. गुरुजी कसे मागं राहतील? त्यांनी कोपराच्या वर चार बोटं दाखवली. मग सगळे मामांकडं बघू लागले.

मामांनी माझ्याकडं पाहिलं. मी कपात चहा ओतत होते. त्यांनी डावा हात पुढं केला. उजवा हात बोटांपासून निघाला. मनगटावर आला तेव्हा मी मनात म्हटलं, थांबा. तो कोपरावर आला, कोपर ओलांडून वर गेला आणि खांद्याला टेकला.

"एवढा कटला मासा," मामा म्हणाले. "मोरीजवळ. अन् डोहात याहून मोठे हायेत."

सेक्रेटरीचा चेहरा उतरला. एक मेंबर म्हणाला, "म्हनूनच आपल्या जाळ्यात काही येऊन न्हाई राह्यलं."

मला राहवलं नाही. मी चुलीमागचा तो तुटक्या कानाचा तवा उचलला आणि सतरंजीपाशी नेऊन ठेवला. सेक्रेटरीला म्हटलं, "दादा, मासे मी तळत आले. हा तवा. यावर चार मासे बसतात, शेपटीसकट. आजवर एकही मासा कापून टाकावा लागला नाही." शिंपीकाका तव्याकडं बघून ओशाळले. सेक्रेटरी मामांकडं वळला. त्याच्या तोंडावर आशा होती, ती मी पाहिली. मामा एवढंच म्हणाले असते की सून बराबर बोलते, तर काम झालं असतं.

मामा म्हणाले, "तिला काय माहीत? मोठा मासा आमी घरी आनतच न्हाई. तिथंच वाटे घालून देऊन टाकतो. घरी यायचा तो बारका."

"कुनाला देता?" सेक्रेटरीनं विचारलं.

"कोन बी आलं त्याला."

आमच्याकडं काही सामायिक कापलं की सारखे ढीग लावून वाटतात, त्याला वाटे घालणं म्हणतात. त्या शब्दावर मेंबर उठलेच. सोसायटीनं सोडलेला हातभर मासा ही माणसं वाटे घालून गावाला फुकट वाटतात, मग बाजारात आपल्या टोपलीला कोण विचारणार? चहा तसाच राहिला. सतरंजीवर त्या मेंबरांनी तिथल्या तिथं तोंडी हिशोब मांडला. हातभर मासा, तीन काठ्या, रविवार आणि गुरुवार, बाजारभाव. केवढी मोठी रक्कम निघाली. माझ्या तव्यावर आलेल्या काट्यांची एवढी किंमत होते हे मला त्या दिवशी समजलं. काहीच न मिळता ही माणसं हसत घरी का येतात, हे मात्र कुणी विचारलं नाही. बाजारात त्याचा भाव नव्हता.

सगळे गेल्यावर मी मामांना विचारलं, "का हो असं केलंत?"

"दोघं बी पाहून राह्यले व्हते, पोरी," ते म्हणाले. एवढंच.

गळ बंद झाला. मोरीजवळ राखणदार बसला. आठ-पंधरा दिवसांनी सेक्रेटरी एकटाच घरी आला. बाजेच्या पायथ्याशी बसून म्हणाला, "दादा, मला वाटते तुमी वाढवून बोलले. एकडाव मेंबर लोकांपुढं येऊन म्हना, मासा बारका हाय. मी पास देतो, तिघांना देतो." मामांनी विचारलं, "म्हंजे मी खोटा हाय म्हन की." सेक्रेटरी म्हणाला, "न्हाई दादा, तसं न्हाई." आणि उठून निघून गेला. मी त्या दिवशी मामांशी भांडले. सुनेनं बोलू नये तेवढं बोलले. तुमच्या ऐटीपायी तुम्ही तिघं मेलात म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं. तोंड आधीच भिंतीकडं होतं.

शिंपीकाका आपल्या मशीनवर वाकून बसले. गुरुजी औरंगाबादला लेकाकडं गेले. हॉटेलातलं ते बाकडं दुसऱ्यांनी धरलं. मामांचा मात्र पुन्हा तोच चतकोर सुरू झाला. मी बाजारातून मासे आणून केले, मसाला झणझणीत घातला. त्यांनी ताट सरकवलं. मालकांनी सुट्टी काढून त्यांना शहागडला नेलं. तिथं गोदावरी वाहते, कुणी अडवणार नाही, काठी टाकू दे म्हणून. बापलेक घाटावर दुपारभर बसले. मामांनी काठीला गुंडाळलेलं कापडसुद्धा सोडलं नाही. म्हणाले, "इथं कोन वळखीचं हाय?" संध्याकाळच्या गाडीनं परत आले.

पुढच्या उन्हाळ्यात सोसायटीनं एक मोठी चूक केली. चूक तरी कशी म्हणू? त्यांनी आमच्या अंगणात ऐकलेल्यावर विश्वास ठेवला. डोहात हातभर मासे आहेत, गळवाले स्वतःच्या तोंडानं सांगतात, मग ते काढले पाहिजेत. सगळ्या घरांनी होतं नव्हतं ते घालून मोठ्या डोळ्यांचं, म्हणजे मोठ्या भोकांचं, जाळं आणलं. वितीचा नियम त्यांचाच, तो पाळायचा म्हणून डोळे मोठे. पाणी उतरल्यावर मजूर लावून बाभळी तोडल्या. ज्या दिवशी जाळं टाकलं त्या दिवशी अर्धा गाव बांधावर होता. मीही गेले. मामा आले नाहीत.

जाळं ओढायला बायापोरंही लागली होती. ते हळूहळू वर आलं. त्यात काट्याची फांदी होती, फाटका बूट होता, चिखल होता. मासेही होते, पण ते जाळ्याच्या डोळ्यांतून बाहेर पडून परत पाण्यात जात होते. बोटभर, माझ्या तव्यावरचे. पुन्हा टाकलं. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला कुणी ओढायलाच वाकलं नाही. सेक्रेटरी कमरेएवढ्या पाण्यात जाळ्याची कड धरून तसाच उभा होता. एक म्हातारी त्याला बाहेर ये म्हणून हाका मारत होती, ती त्याची आई असावी.

मी घरी आले. मामांनी मान वळवली. किती तरी दिवसांनी त्यांनी आपण होऊन काही विचारलं. "किती निघाले?"

"काहीच न्हाई, मामा," मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं रडतील, पण रडले नाहीत. मला त्यांची दया आली आणि तेवढाच रागही आला. दोन्ही अजून तसेच आहेत.

त्या पावसाळ्यात त्यांना लकवा मारला. डावं अंग गेलं, जीभ जड झाली. डॉक्टर म्हणाले, घरी न्या. बाज ओसरीवरच ठेवली. मी पेज भरवायची, त्यातली निम्मी ओघळायची. तळ्याचं पुढं काय झालं तेही लवकरच कानावर आलं. सोसायटीला नव्या सालाचे पैसे भरता आले नाहीत. तळं बाहेरच्या ठेकेदाराकडं गेलं. त्यानं बारीक डोळ्यांचं जाळं लावलं आणि बोटभर मासा झाडून नेला. वितीची पाटी कुणी तरी चुलीत घातली म्हणतात. भोयांची पोरं जालन्याला सळईच्या कारखान्यात निघाली.

सेक्रेटरीही निघाला होता. जाण्याआधी भेटायला आला. हातात पिशवी, पायांत नवी चप्पल. मी त्याला आत घेतलं. त्यानं तक्रारीचा एक शब्द काढला नाही, त्यानंच मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो बाजेपाशी बसला आणि म्हणाला, "दादा, येतो."

मामांनी त्याला ओळखलं. ते काहीतरी बोलू गेले, पण कळलं नाही. मग त्यांनी उजवा हात उचलला आणि चादरीवर पडलेल्या आपल्या डाव्या हाताच्या खांद्यावर ठेवला. मी पाणी हवं का विचारलं, तर मान हलवली. तो हात खांद्यावरून खाली सरकू लागला. कोपरावर आला, थांबला नाही. मनगटावर आला, तिथंही थांबला नाही. पंजाच्या मध्यावर येऊन टेकला. बाकी राहिली ती बोटं. मामांनी सेक्रेटरीकडं पाहिलं आणि हात तिथंच दाबून धरला.

सेक्रेटरी त्या हातावर वाकला. मग म्हणाला, "व्हय दादा. तेवढाच." मामांचा निर्जीव हात त्यानं उचलून चादरीखाली नीट ठेवला. मी चहा टाकते म्हटलं, तर म्हणाला, "नको वैनी, गाडी हाय," आणि पिशवी उचलून जालन्याच्या गाडीला गेला.